योस्टची चिलीम

सार्जंट कीओनं गिरणीमालकाचं डोकं तिसऱ्यांदा घोड्यांच्या हौदात दाबलं आणि या खेपेला जरा जास्तच वेळ दाबून धरलं. जोशाया प्रेन्टिसच्या टाचा चिखल खरवडत होत्या. अंगातला चांगला तपकिरी कोट काखेत उसवला होता. हौदाभोवती शिपाई उभे होते. एक जण राय धान्याचा शिळा पाव चावत होता.

"पुरे," कॅप्टन वॉर्डेल म्हणाला. "मेला तर सांगणार कोण?"

कीओनं केस धरून डोकं वर काढलं. प्रेन्टिस ओकला, खोकला, आणि सकाळपासून जे म्हणत होता तेच पुन्हा म्हणाला.

"उडाली. सगळी उडाली, कॅप्टन. मे महिन्यातच. देवाशपथ!"

माथियास क्लेम पाच पावलांवर टोपी हातात धरून उभा होता. प्रेन्टिसच्या गिरणीत बंदुकीची दारू बनायची आणि माथियास तिथला मुकादम, बावीस वर्षं तिथेच राबलेला. सोरा, गंधक आणि कोळसा त्याच्या बोटांत असा मुरला होता की ईस्टरच्या आंघोळीनंतरही ती काळीच राहत. मालकाला असं बुचकळताना पाहून आपल्याला वाईट वाटायला हवं, असं त्याला वाटलं. पण वाटत नव्हतं. पोटात होती ती नुसती भीती, आणि ती काही मालकाच्या जिवाची नव्हती.

कॅप्टन वॉर्डेल अंगानं काटकुळा, डाव्या कानाला मळकी पट्टी. त्यानं घोड्यावरून एक पोतं ओढून काढलं आणि अंगणात उलटं केलं. बैलाची शिंगं खळखळत चिखलात पडली. बंदुकीची दारू ठेवायची शिंगं. काहींवर नावं कोरलेली, काहींवर फुलं, एकावर घोडा. सगळी रिकामी.

"ही माझी कंपनी," कॅप्टन म्हणाला. "स्टोनीच्या उताराशी आम्हाला नदी राखायची होती. माणशी तीन बार होते. तीन! चौथ्याला काही नाही, म्हणून माझे लोक बंदुका उलट्या धरून झोडपत होते. इंग्रजांनी निवांत संगिनी चढवल्या. डुकरं भोसकावीत तसे भोसकले." त्यानं घोडा कोरलेलं शिंग उचललं. "हे माझ्या मेव्हण्याचं. स्वतःची आतडी हातात धरून मला विचारत होता, 'गाडी आली का?' दारूची गाडी. तुझी गाडी, प्रेन्टिस!"

आणि त्यानं ते शिंग मालकाच्या तोंडावर हाणलं. भुवई फुटली. रक्त हौदाच्या पाण्यात टपटपू लागलं.

"आपल्या वसाहतींच्या काँग्रेसनं सोरा दिला. गंधक दिला. तू फक्त कांडून द्यायची होतीस. कराराप्रमाणे ऐंशी पिंपं, जूनच्या आत. ऑक्टोबर लागला. एक तरी आलं?"

"कागद बघा," प्रेन्टिस रडत म्हणाला. "मुकादमाची शपथ आहे. न्यायाधीशासमोर बायबलावर हात ठेवून घेतलेली. बघा तरी!"

कॅप्टननं कोटाच्या छातीच्या खिशातून घडी काढली. कागद त्याच्याजवळ होताच. तो वाचूनच तर तो दोन दिवस घोडा दामटत आला होता.

"माथियास क्लेम कोण?"

"मी, साहेब."

"'योस्ट क्लेम नावाचा कामगार नियम मोडून पेटती चिलीम घेऊन कांडणघरात शिरला, त्यामुळे भडका उडून तयार असलेली ऐंशी पिंपं दारू नष्ट झाली.' ही सही तुझी?"

"माझी."

"योस्ट तुझा कोण?"

"धाकटा भाऊ."

कॅप्टन त्याच्याकडे बघत राहिला. माथियासनं मान खाली घातली, तर खाली पायांत योस्टचेच जोडे होते.

खरं काय झालं ते माणसांत दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मालकाला. कांडणघरात ओढ्याच्या पाण्यावर चालणारी बारा मुसळं होती. ती दिवसभर उखळांत आदळायची आणि दर थोड्या वेळानं थांबवून आतल्या मिश्रणावर पाणी शिंपडावं लागायचं. कोरडं पडलं की संपलं. त्या दिवशी दुपारी योस्ट दाराशी येऊन म्हणाला होता, "दादा, सुकत चाललंय. थांबवू का?" माथियास विचारायला गेला. मालक म्हणाले, थांबवायचं नाही, घाई आहे. माथियासनं परत येऊन तसंच सांगितलं, "चालू दे." घाई काँग्रेसची नव्हती. काँग्रेसची ऐंशी पिंपं तर आठवड्यापूर्वीच भरून झाली होती, आणि बाल्टिमोरच्या जहाजवाल्यांना दुप्पट भावानं द्यायची म्हणून दोघा भावांनीच ती वाहून लोकरीच्या कोठारात रचली होती. "नंतर काँग्रेसला दुसरी करून देऊ की," मालक म्हणाले होते. त्या दुसरीचीच ती घाई.

कांडणघराच्या तीन भिंती हातभर जाड दगडाच्या आणि चौथी, ओढ्याकडची, पातळ फळ्यांची. उडालंच तर ओढ्यापलीकडे उडावं म्हणून. योस्ट तसाच गेला. पलीकडच्या झाडांतून त्याला गोळा करायला दोन दिवस लागले आणि जमलं ते एका चादरीत मावलं. दाराबाहेर, जाड भिंतीच्या आडोशाला, त्यानं आत शिरताना काढून ठेवलेले जोडे मात्र जसेच्या तसे होते. शेजारी शेजारी, नाड्या आत खोचलेल्या.

उखळात होती जेमतेम दोन पिंपांची दारू. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तशी मालकांनी तिची ऐंशी केली. मग माथियासला बसवून घेतलं. योस्टची बायको अपोलोनिया आणि तिची तीन लेकरं मालकांनी दिलेल्या घरात राहत होती. शपथ घेतलीस तर राहतील, नाहीतर हिवाळ्याआधी रस्त्यावर. माथियासनं शपथ घेतली. संध्याकाळी अपोलोनिया त्याच्या दारी आली आणि ते जोडे तिनं त्याच्या पुढ्यात फेकले. "घाला हे, भाऊजी. त्याच्याविरुद्ध शपथ घेतलीत ना? आता त्याच्याच जोड्यांत फिरा." त्यानंतर ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. आणि तो खरंच तेच घालून फिरत होता, मे महिन्यापासून. पुढे इंग्रजांच्या जहाजांनी खाडी बंद केली, बाल्टिमोरची गाडी काही आली नाही, आणि ऐंशी पिंपं तिथेच पडून राहिली. लोकरीच्या कोठाराला लागूनच अपोलोनियाचं घर होतं. मधे एक भिंत. तिची लेकरं त्या भिंतीला पाठ लावून झोपत होती आणि पलीकडे काय आहे ते माथियास आणि मालकांशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते त्याला विचारावं.

"तांबड्या केसांचा होता का रे तुझा भाऊ?" कॅप्टननं एकाएकी विचारलं.

"हो, साहेब."

"फेब्रुवारीत मी काम कुठवर आलंय ते बघायला आलो होतो. कांडणघराच्या दारात एका तांबड्यानं मला अडवलं. म्हणाला, बूट काढा. बर्फात! मी म्हटलं, मी काँग्रेसचा कॅप्टन आहे. तर म्हणतो कसा, 'असाल. पण तुमच्या बुटांना खिळे आहेत, ठिणगी उडते, आणि दारूला कॅप्टन-बिप्टन कळत नाही.' अनवाणी नेलं मला आत. वर खिसे चाचपले. किल्लीसुद्धा काढून घेतली."

"तोच तो," माथियास म्हणाला.

"आणि तोच पेटती चिलीम घेऊन शिरला?"

हौदावरून मालक मान वर करून बघत होता. भुवईचं रक्त डोळ्यात उतरलं होतं, तरी तो डोळा मिटत नव्हता.

"शिरला, साहेब," माथियास म्हणाला.

कॅप्टनचा चेहरा हळूहळू लाल झाला. इतका वेळ त्याचा राग मालकावर होता. आता त्याला दुसरं घर सापडलं.

"म्हणजे माझ्या बुटांना नावं ठेवणारा तो डुक्कर स्वतः धूर काढत बसला होता! आणि त्याच्या एका झुरक्यापायी माझी कंपनी गेली! पुरलंय कुठे त्याला?"

कोणी सांगायची गरज नव्हती. मेपलच्या झाडाखाली लाकडी क्रूस दिसत होता, अपोलोनियाच्या खिडकीसमोरच. कॅप्टननं मान हलवली आणि कीओ तिकडे निघाला. हा आयरिश गडी रेड्यासारखा होता, पण काम मन लावून करायचा. त्यानं पहिल्या लाथेत क्रूस वाकवला, दुसऱ्या लाथेत मोडला. मग त्यावर थुंकला आणि टाच फिरवून नाव पुसलं.

घराचं दार धाडकन उघडलं. अपोलोनिया कपडे धोपटायचं लाकडी धोपटणं घेऊन धावत आली आणि तिनं ते कीओच्या कानशिलावर असं हाणलं की तो गुडघ्यावर बसला.

"मेल्या! जिवंतपणी जाळलात, आता मातीतही झोपू देत नाही? तुझ्या आईला पुरलंय तिथे जाऊन नाच!"

शिपाई हसले. ते हसू कीओला सोसलं नाही. उठता उठता त्यानं बंदुकीचा दस्ता तिच्या तोंडावर मारला. ती पाठीवर पडली आणि तोंडाला हात लावून उठू पाहू लागली. बोटांमधून रक्त आलं, रक्ताबरोबर दात. दारात तिची तिन्ही लेकरं एकमेकांना धरून उभी होती आणि एकही रडत नव्हतं.

माथियास दोन पावलं पुढे झाला. एका शिपायानं संगीन त्याच्या बरगडीला लावली आणि टोक थोडं आत दाबलं. सदऱ्यावर ओलं पसरलं. माथियास थांबला. थांबला म्हणून त्याला स्वतःची एवढी किळस आली की ती जखम खोल असती तर बरं, असं त्याला वाटलं.

"बस झालं, कीओ!" कॅप्टन ओरडला. "बाईमाणसावर हात टाकायला नाही आणलं तुला." त्याचा आवाज एकदम थकला. काही क्षण तो चिखलातल्या शिंगांकडे बघत उभा राहिला. "चला. इथे काही नाही. मेलेल्याला किती मारणार?"

प्रेन्टिसनं हौदाच्या काठावर कपाळ टेकलं. त्याच्या ओठांची हालचाल प्रार्थनेसारखी दिसत होती.

सुटलो, असं माथियासलाही वाटलं. एवढ्यात पाव चावणारा शिपाई म्हणाला, "साहेब, कंपनीतली पोरं थंडीनं काकडलीत. मघाशी मेंढ्या दिसल्या हो. लोकर असेल की इथे."

"आहे का लोकर?" कॅप्टननं विचारलं.

"नाही! म्हणजे थोडी आहे," मालक अडखळला. "ओली आहे. किडकी आहे. मी स्वतः पाठवून देतो, कॅप्टन, उद्याच. धुऊन, पिंजून..."

"तुझ्या पाठवण्याचा अनुभव आहे आम्हाला," कॅप्टन म्हणाला. "मुकादम, चल, कोठार दाखव. कीओ, चार जण घे."

कीओनं कानशील चोळलं. मग शांतपणे टोपीच्या पट्ट्यातून मातीची चिलीम काढली, भरली, शेकोटीतलं जळकं लाकूड लावून पेटवली आणि धूर सोडत माथियासच्या मागे निघाला. त्याच्या बुटांचे खिळे अंगणाच्या फरशांवर कर्रकर्र वाजत होते. मागून मालक येत होता, ओला, दोन शिपायांच्या मधे, आणि वाटेत सारखं म्हणत होता, "अहो, किडकी आहे ती, किडकी आहे."

अंगणापासून कोठार साठ पावलं. माथियास ती चालत गेला. आत काय करायचं ते त्याच्या डोक्यात पटापट येत होतं. वरची चार पोती आपणच काढून द्यायची. खालच्यांना हात लावू द्यायचा नाही. कीओला दारातच उभं करायचं, काहीतरी बोलण्यात गुंतवायचं. निभेल. पाच महिने निभलं, आणखी पाच मिनिटं का नाही निभणार? अपोलोनिया लेकरांच्या दिशेनं रांगत होती. ते त्यानं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

त्यानं कडी काढली. दार आत ढकललं. लोकरीचा तेलकट वास आला, आणि त्याच्याखाली तो दुसरा, जो त्याच्याशिवाय कोणाला आला नसता.

मग तो उंबऱ्याच्या दगडावर बसला, डावा पाय उजव्या गुडघ्यावर घेतला, नाडी सोडली आणि जोडा काढला.

बावीस वर्षं तो दारूच्या दारात असाच बसत आला होता. हिवाळा असो, ताप असो, लग्नाचा दिवस असो. हातांनी त्याला विचारलं नाही. जोडा काढून भिंतीशी ठेवल्यावरच त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलं.

"हे काय, चर्च आहे का?" कीओ हसला. चिलीम त्याच्या दातांत हलली आणि एक ठिणगी उडून उंबऱ्यावर विझली. "लोकरीला पाय लागू नये म्हणून?"

"त्याच्या टाचेला फोड आलाय!" मालक मागून ओरडला. आवाज चिरकला होता. "सकाळपासून लंगडतोय बिचारा. हो ना रे माथियास? फोड आहे ना? सांग ना त्यांना! घाल तो जोडा!"

माथियासनं वर पाहिलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. मालकानं त्याला बरं उत्तर दिलं होतं. नुसती मान हलवायची होती. फोड आहे, साहेब. जोडा परत पायात सरकवायचा, उठायचं, चार पोती द्यायची. अपोलोनियाचं घर राहिलं असतं, आपली मान राहिली असती. तो भिंतीशी ठेवलेल्या एकट्या जोड्याकडे बघत राहिला.

मग त्यानं उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घेतला. नाडी ओली होती, गाठ बसली होती. ती सोडायला त्याला वेळ लागला आणि तेवढा वेळ त्यानं घेतला. दुसरा जोडा काढून त्यानं पहिल्याच्या शेजारी ठेवला आणि दोन्हींच्या नाड्या आत खोचल्या.

कॅप्टन त्या जोड्यांकडे बघत होता. मग त्यानं स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. त्याच्या तोंडचा रंग उतरत गेला.

"कीओ," तो अगदी हळू म्हणाला, निजलेलं मूल जागं होऊ नये तसं. "मागे वळ. चालत जा. पळू नकोस. चिलीम नेऊन हौदात बुडव."

"अहो पण साहेब, आत्ताच तर..."

"हौदात, कीओ. आणि बाकीच्यांनो, बूट काढा. पट्टे, संगिनी, खिशात असेल नसेल ते सगळं. इथेच. खाली ठेवा, टाकू नका."

मालक मटकन खाली बसला. "कृतघ्न," तो म्हणाला. "बावीस वर्षं पोसलं तुला!"

माथियास उठला. फरशी पायांना गार लागली.

"किती आहेत?" कॅप्टननं विचारलं.

"ऐंशी. डाव्या बाजूला, पोत्यांखाली. कोरडी आहे, मी दर पंधरवड्याला पिंपं उलटी करत आलोय. आधी भिंतीपलीकडच्या लेकरांना लांब न्या, मग हात लावा."

"खोट्या शपथेचं काय होतं ठाऊक आहे? त्यातून लढाईच्या दिवसांत?"

"ठाऊक आहे."

"तरी?"

माथियास म्हणाला, "तुमच्याजवळ तो कागद आहे ना, साहेब? त्यावर लिहून घ्या. योस्टनं जन्मात कधी चिलीम ओढली नाही. वासानंही खोकायचा. मुसळं मी चालू ठेवायला सांगितली. तो विचारायला आला होता, आणि मी म्हटलं, चालू दे."

दुपारभर शिपाई अनवाणी पायांनी पिंपं बाहेर आणून गिरणीच्या गाड्यांवर रचत होते, बाळंतिणीला उचलावं तशी, दोघे दोघे मिळून. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. कीओनं कोणी न सांगता मोडका क्रूस उचलला, दोरीनं बांधून पाहिला, पण तो काही उभा राहीना. शेवटी मालकाला एका गाडीच्या मागे बांधलं आणि माथियासचे हात पाठीशी आवळून त्याला मालकाच्या शेजारी उभं केलं. त्याचे पाय उघडेच होते. जोडे कोठाराच्या भिंतीशी तसेच राहिले होते, आणि हात बांधलेल्या माणसाला ते घालताही येईनात.

गाडीवान चाबूक उचलत होता तेव्हा अपोलोनिया भिंतीशी ठेवलेले जोडे घेऊन अंगण ओलांडून आली. ओठ सुजून काळानिळा झाला होता. शिपायांनी तिला वाट दिली. ती माथियाससमोर चिखलात गुडघ्यांवर बसली, कमरेच्या फडक्यानं आधी त्याचा एक पाय पुसला, मग दुसरा, आणि त्यात योस्टचे जोडे चढवले. नाड्या बांधायला तिनं वेळ घेतला. दोन्हींना तिनं दुहेरी गाठ मारली.

"रस्ता लांब आहे, भाऊजी," ती म्हणाली.